जिभेवरचा थेंब

श्रोतेहो, नमस्कार.

सुई नसलेली छोटी सिरिंज. तिच्यात भरपूर पाणी घालून पातळ केलेलं दूध, जेमतेम थेंबभर. नर्सबाई तो थेंब मुलाच्या जिभेवर सोडतात. मूल ओठ चाटतं आणि आईची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. लाली येतेय का? खोकला? दुधाच्या ॲलर्जीवरचा तोंडावाटे द्यायचा उपचार असा सुरू होतो.

ही ॲलर्जी म्हणजे ‘दूध पचत नाही’ ती तक्रार नव्हे. तिथे लॅक्टोज ही दुधातली साखर पचत नाही, पोट फुगतं. इथे शरीर केसीनसारख्या प्रथिनांवरच तुटून पडतं. अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, कधी श्वास कोंडून जिवावर बेततं. बरीच मुलं वाढत्या वयात यातून आपोआप बाहेर पडतात. ज्यांची ॲलर्जी जात नाही, त्यांचा घासन् घास तपासावा लागतो.

थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची ही कल्पना जुनी आहे. १९०८ साली लंडनच्या डॉ. आल्फ्रेड स्कोफील्ड यांनी अंड्याची ॲलर्जी असलेल्या १३ वर्षांच्या मुलाला अंड्याचा कणभर अंश गोळ्यांतून दिला, मात्रा वाढवत नेली, आणि काही महिन्यांनी तो अंडी खाऊ लागला. दुधाचंही तसंच. मात्रा वाढवायची ती दवाखान्यात, डॉक्टरांसमोर. मधल्या दिवसांत तेवढीच मात्रा रोज घरी. एक मिलिलिटर दुधात ३० मिलिग्रॅमहून थोडं जास्त प्रथिन असतं. सुरुवात त्याहून कितीतरी कमी, म्हणून पेल्यापर्यंत पोचायला महिनोन्‌महिने जातात.

आणि हे कळकळीने सांगते: ‘थोडं थोडं देऊन सवय लावू’ म्हणून स्वतःच्या मनाने घरी काही सुरू करू नका. काल सोसलेली मात्रा आज ताप असताना, रिकाम्या पोटी किंवा धावपळीनंतर सोसेलच असं नाही. मात्रेनंतर दोनेक तास पळापळ बंद. मूल रुसेल, रुसू द्या. पोट सारखं दुखत असेल, घास गिळताना अडकत असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा.

सगळ्यांना पेलाभर दूध जमत नाही. चुकून पोटात गेलेल्या घोटाने जिवाला धोका होऊ नये, एवढंच काहींच्या बाबतीत साधतं. माझ्या मते तेही खूप आहे. रोजची मात्रा बंद पडली, तर कमावलेली सहनशक्ती ओसरू शकते. म्हणून आता दूध पिणाऱ्या मुलाच्याही दप्तरात ॲलर्जी जिवावर बेतली तर लगेच द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन राहू द्या, आणि ते मांडीत कसं द्यायचं हे त्याच्या वर्गशिक्षकांनाही दाखवून ठेवा.