मेंटॉर नंतर शोधा, आधी तुमचा मेसेज दाखवा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच सुरातल्या. "ताई, मेंटॉर कुठे मिळेल?" म्हणजे कोडिंगमध्ये वाट दाखवणारा अनुभवी माणूस.

बेसिक पटकन उरकते. कॉलेजचे सीनियर, लिंक्डइन, शहरातली मीटअप, ओपन सोर्स (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो असे प्रोजेक्ट). गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्समध्ये काम करायचा गूगलचा कार्यक्रम 2005 पासून चालू आहे, तिथे मेंटॉर नेमूनच देतात. 2022 पासून विद्यार्थी असायची अटही गेली. वय 18 पूर्ण हवं आणि विद्यार्थी किंवा ओपन सोर्समध्ये नवखे असलात की चालतं. तेव्हा "ताई, मी 27चा, उशीर झाला का?" विचारणाऱ्यांनो, नाही झाला. झालं बेसिक.

आता माझं डोकं कशाने फिरतं ते सांगते. मेसेज येतो, "हाय ताई." मी कामात. तासाभराने म्हणते, "बोला." रात्री साडेअकराला उत्तर, "जेवलात का?" दुसऱ्या दिवशी, "एक डाउट होता." अरे, मग विचार ना! तिसऱ्या दिवशी फोटो. स्क्रीनशॉट नव्हे, मोबाइलने काढलेला लॅपटॉपचा फोटो. तिरका, ट्यूबलाइट बरोब्बर एररवर चमकतेय, कोपऱ्यात पोह्यांची बशी. खाली तीन शब्द, "रन होत नाहीये."

प्रश्न होता दोन मिनिटांचा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत काही फसलं की हातभर मजकूर येतो, पण मुद्द्याचं बहुतेक वेळा सगळ्यात शेवटच्या ओळीत असतं. पोरं वरून वाचायला घेतात, घाबरतात आणि फोटो काढतात. शेवटची ओळ होती, 'नो मॉड्यूल नेम्ड पांडाज'. म्हणजे पांडाज नावाची लायब्ररी, तयार कोडचा संच, सापडत नाहीये. "पण ताई, इन्स्टॉल केलंय!" केलंयस रे, पण दुसऱ्या पायथनमध्ये. मशीनवर पायथन दोन, पिपने (लायब्ररी इन्स्टॉल करणारं टूल) टाकलं एकात, प्रोग्रॅम चालवला दुसऱ्यात. नुसतं 'पिप इन्स्टॉल' नको, 'पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज' लिहा. म्हणजे ज्या पायथनने चालवता, त्यातच बसतं.

मी शहाणी होते असं समजू नका. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा सर्व्हर सुरू होईना म्हणून दोन दिवस तशीच बसून होते. विचारायची लाज, त्यात इंग्रजीची धास्ती. शेवटी शेजारचे सीनियर खुर्ची ओढून आले आणि म्हणाले, "एरर मोठ्याने वाच." वाचली. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. वाचता वाचताच लक्षात आलं, आदल्या दिवशीचा सर्व्हर त्याच 8080 पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्याच दारावर, अजून चालू होता! ते काहीच बोलले नाहीत, चहाला गेले.

एकाने कमेंट केली होती, "ताई, तुम्हाला ॲटिट्यूड आहे, मदत करायची तर नीट करा." दादा, मी तुझा मेसेज बसमध्ये उभ्याने वाचते, एका हातात दांडी. फोटो झूम करू की कंडक्टरला सुट्टे देऊ? टेक्स्ट असेल तर कॉपी करून शोधता तरी येतं.

हा बघा, गेल्या आठवड्यातला एका मुलीचा मेसेज. तिला विचारून वाचतेय. नवख्यांसाठी, गिट म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारं टूल, ब्रांच म्हणजे त्यातली कामाची एक शाखा, पुश म्हणजे आपले बदल वर पाठवणं, पुल म्हणजे इतरांचे खाली आणणं, आणि फोर्स पुश म्हणजे वरचं पुसून आपलं जबरदस्तीने टाकणं. "नमस्कार ताई. गिटवर पुश करतेय, 'रिजेक्टेड, नॉन-फास्ट-फॉरवर्ड' येतंय. पूर्ण एरर खाली पेस्ट केलीय. माझ्या पार्टनरने सकाळी त्याच ब्रांचवर पुश केलं होतं. फोर्स पुशचा पर्याय दिसला, पण त्याचं काम उडेल म्हणून थांबले. आधी पुल करू का?" उत्तर काय दिलं असेल मी? "हो, कर." बसमध्ये उभ्यानेच दिलं. एआयला विचारलंत तरी हेच सगळं सांगावं लागतं बरं का, त्याला काही तुमची ब्रांच दिसत नाही.

आणि एरर पेस्ट करताना त्यात पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) असेल तर आधी काढा. मागे एकाने थेट कमेंटमध्येच टाकली होती, मीच धावत जाऊन डिलीट केली.

चला, प्रश्न खाली लिहा. नुसतं "हाय ताई" लिहिलंत, तर मीही नुसतं "हाय" लिहिणार.