पाणी आधी मोरीतनं येतं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय कुमारवयीन मुलांसाठीच्या कादंबऱ्यांबद्दल, त्याच, ज्यात पूर येतो, भूकंप होतो आणि हिरो वाचतो. वाचतोच, नाहीतर पुस्तक घेणार कोण! मुखपृष्ठावर हेलिकॉप्टर असतंच, आणि किंमत बघाल तर तीनशे रुपये, पोराच्या खिशात असतात का हो एवढे? असो.

माझीच फजिती सांगतो. २०१९ चा महापूर आठवत असेल, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर. त्यावर मी एक गोष्ट लिहिली, रात्री नदी गर्जत येते, चौदा वर्षांचा पोरगा उडी मारतो आणि पोहत पोहत आजीला वाचवतो. स्वतःवर फार खूश होतो मी. नदीकाठच्या एका शाळेत नववीला वाचून दाखवली. सगळे गप्प. मला वाटलं भारावले!

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, पाणी पयलं नदीकडनं येतच न्हाई. मोरीतनं येतंय, बुडबुड करत." बरं म्हटलं. "आन ह्यांची म्हसरं कुठायत?" म्हसरं मी घातलीच नव्हती. "दावं भिजलं की गाठ सुटत न्हाई सर, विळ्यानं कापावं लागतंय. तुमच्या पोराकडं विळाच न्हाई." वर्ग फुटला हसून. आणि मग शेवटचं, "आजी अशी येत नस्ती. आमची म्हणाली, २००५ ला पायरीपर्यंतच आलतं, आताबी तिथंच थांबतंय."

ऐकलंत ना? २००५ ला पायरीपर्यंतच. त्या जुन्या खुणेच्या भरवशावर किती घरं थांबली, आणि मी बसलोय पोहणं रंगवत! खरी गोष्ट आजीशी घातलेल्या वादात होती हो, पोहण्यात नव्हतीच.

किल्लारीच्या भूकंपाचं तेच. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली, पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आलं. तिथं हिरोनं पळायचं कुठं? तिथली गोष्ट ढिगारा उपसण्यापासनं सुरू होते.

तर मी परत लिहिली. पोहणं काढलं, मोरी घातली, विळा घातला, आजी हट्टाला पेटवली. शाळेच्या पत्त्यावर पाठवली. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं, एकच ओळ.

"सर, म्हशींची नावं राहिली."