मासेमारी नौकेचा डेक: कोणत्या जागी कोणते सामान

नाखवे, तांडेल, खलाशी आणि सुतार बांधवांनो, तसेच नौकेचा जमाखर्च प्रत्यक्षात ज्यांच्या हाती असतो त्या कोळी भगिनींनो,

नवी नौका बांधायला काढली किंवा जुन्या नौकेची मोठी दुरुस्ती निघाली, की डेकसाठी लाकूड चांगले की फायबर (काचेचे धागे रेझिन या कडक होणाऱ्या चिकट द्रवात भिजवून केलेला थर), हा प्रश्न हमखास विचारला जातो. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. आपल्या बारा-पंधरा मीटरच्या ट्रॉलरवर, म्हणजे समुद्रातून जाळे ओढत नेणाऱ्या नौकेवर, पायाखालची जमीन एकाच प्रकारची नसते. विंचजवळ, म्हणजे जाळे ओढणाऱ्या यंत्राजवळ, लोखंडी साखळ्या आणि ट्रॉलचे, म्हणजे ओढत्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवणारे, जड बोर्ड आदळतात, मधल्या जागेत जाळे रिकामे करून मासळी निवडली जाते, डेकखालच्या खणात बर्फ आणि मासळी राहते, इंजिनाच्या खोलीत तेल सांडते आणि केबिनमध्ये चूल पेटते. या प्रत्येक जागेची गरज वेगळी असल्याने संपूर्ण नौकेला एकच सामान लावण्याचा आग्रह धरला, तर त्यातील निम्म्या जागी ते सामान चुकीचे ठरते.

लाकडापासून सुरुवात करतो, कारण त्याच्याविषयी गैरसमज फार आहेत. डेकचे लाकूड खाऱ्या पाण्याने कुजते असे पुष्कळांना वाटते. वास्तविक कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही, तिला हवे असते पावसाचे गोडे पाणी. लाकडातील ओल साधारण 20 टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच टिकली, की कूज सुरू होते. म्हणून रोज समुद्राच्या पाण्याने धुतला जाणारा डेक वर्षानुवर्षे टिकतो, आणि तीच नौका पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीने घट्ट गुंडाळली, तर आतली दमट हवा कोंडून राहते आणि फळ्या खालच्या बाजूने, तुळयांवर टेकतात तिथे, मऊ पडू लागतात. ताडपत्री घालावीच, परंतु दोन्ही टोके उघडी ठेवून खालून वारा खेळता ठेवावा.

सागवान महाग असले तरी त्याच्या अंगातील तेलामुळे ते या कामाला उत्तम आहे, यात शंका नाही. मात्र ओंडका कसा कापला आहे, हेही तितकेच पाहावे लागते. सागाची फळी वाढीच्या वलयांच्या दिशेने जितकी आकसते, त्याच्या निम्म्याहून कमी ती गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने आकसते. म्हणून ज्या फळीच्या टोकाला वलयांच्या रेषा उभ्या दिसतात ती डेकसाठी घ्यावी. तिचे सांधे कमी उघडतात आणि सांध्यांत भरलेला कापूस व राळ जागेवर राहते. फळ्या अरुंद ठेवाव्यात. लोखंडी खिळे वापरायचेच असतील, तर ते गरम जस्तात बुडवून काढलेले असावेत. स्टेनलेस स्टीललाही ओल्या लाकडात प्राणवायू मिळत नाही आणि ते खिळ्याच्या डोक्याखाली, नजरेआड झिजते, हे अनेकांना ठाऊक नसते.

प्लायवर फायबरचा थर, ही आज सर्वाधिक वापरली जाणारी रचना आहे आणि नव्या नौकेसाठी मी तिच्या बाजूने आहे. प्लाय घेताना आयएस 710 हा मरीन प्लायचा शिक्का पाहावा. घरगुती कपाटाचे प्लाय नौकेवर आणणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. पण उत्तम प्लायसुद्धा कडांमधून आणि बोल्टच्या भोकांमधून पाणी पिते. विंच, गॅलोज (ट्रॉलचे बोर्ड टांगायची चौकट) किंवा साधी कडी बसवताना भोक आधी मोठे पाडावे, ते इपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदाने पूर्ण भरावे आणि ते कडक झाल्यावर त्यातून बोल्टच्या मापाचे भोक पाडावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण डेकचे आयुष्य यावरच ठरते. दरवर्षी हातोडीच्या दांड्याने डेक ठोकून पाहावा. जिथे टणक आवाजाऐवजी बसका आवाज येतो, तिथे थर सुटला आहे असे समजावे.

जुन्या फळ्यांच्या डेकवर फायबर चढवून गळती बंद करण्याचा मार्ग मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. फळ्या हलत राहतात, पॉलिएस्टर रेझिन ओल्या लाकडाला नीट धरत नाही, थराला चिरा जातात आणि त्यातून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही.

वजनाचा विचार बहुतेक वेळा शेवटी होतो. तो आधी व्हायला हवा, कारण डेक नौकेच्या वरच्या भागात असतो आणि तिथला प्रत्येक किलो नौकेचा तोल उणावतो. चौरस मीटरमागे 25 मिलिमीटर जाडीचे सागवान सुमारे 16 किलो भरते, 18 मिलिमीटर प्लाय व त्यावर 3 मिलिमीटर फायबर जवळपास तितकेच, 4 मिलिमीटर ॲल्युमिनियम 11 किलो, तर तेवढ्याच जाडीचे पोलाद 31 किलो. वीस चौरस मीटरच्या डेकवर पोलाद आणि सागवान यांत सुमारे 300 किलोंचा फरक पडतो. त्याहून धोकादायक वजन डेकवर साचलेल्या पाण्याचे, कारण नौका कलली की ते त्याच बाजूला धावते. डेकला मध्यापासून कडेकडे उतार हवा आणि कठड्याची पाणी जायची भोके जाळ्याच्या तुकड्यांनी बुजलेली नसावीत.

आता मासळीची आणि पायांची गरज पाहू, कारण या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध जातात. मासळी टेकते तो पृष्ठभाग गंजरोधक, गुळगुळीत आणि धुण्यास सोपा असावा, अशी युरोपीय संघाच्या 853/2004 या नियमाची अपेक्षा आहे. पण वाकटी मासळीच्या चिकट्यावर गुळगुळीत फायबर खलाशाला उभे राहू देत नाही. म्हणून मासळी निवडण्याची जागा कठड्यांनी वेगळी करावी, तिथे गुळगुळीत फायबर ठेवावे आणि माणसे उभी राहतात त्या पट्ट्यात वरच्या थरात बारीक वाळू मिसळावी. रंग फिकट राखाडी घ्यावा. वैशाखात गडद डेकवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. खणाच्या तळाला उघडे लाकूड नको, कारण ते चिकटा शोषून घेते. तिथे फायबरचे अस्तर, त्यावर उचलता येणारी जाळीची फळी आणि वितळलेले पाणी एका कोपऱ्यात जमेल असा उतार हवा.

विंचसमोर मात्र फायबरवर जाड लाकडी फळ्या स्क्रूने बसवाव्यात आणि झिजल्या की बदलाव्यात. मार त्यांनी खावा, खालचा डेक शाबूत राहावा. इंजिनाच्या खोलीत उचलता येणारी ॲल्युमिनियमची खाचेदार पत्री सोयीची, फक्त ती तांबेयुक्त औषध पाजलेल्या लाकडावर थेट टेकवू नये, कारण तांब्याच्या संगतीत ॲल्युमिनियम लवकर खाल्ले जाते. चुलीखाली पोलादी पत्रा हवाच, कारण फायबर पेटते.

शेवटचा मुद्दा वेळेचा. आपली दुरुस्ती 1 जूनपासूनच्या मासेमारी बंदीत होते, म्हणजे नेमकी हवा सर्वांत दमट असताना. 85 ते 90 टक्के आर्द्रतेत लाकडाची ओल आपोआप 17 ते 20 टक्क्यांवर जाऊन बसते, आणि फायबर चढवायला ती 15 टक्क्यांच्या खाली हवी. यावर उपाय असा, की प्लायचे तुकडे मापाने कापून, चारही कडा आणि दोन्ही पृष्ठभाग सीलबंद करून, खालच्या बाजूचा थर एप्रिल-मेमध्येच छपराखाली देऊन ठेवावेत. बंदीच्या काळात ते नौकेवर बसवणे आणि सांधे भरणे एवढेच काम उरावे, आणि तेही ओल मोजण्याचे यंत्र लावून, कोरडा दिवस पाहून करावे. असे यंत्र मच्छीमार संस्थेने एकच घेतले तरी सगळ्या सुतारांना पुरते.