‘सूर्य’ कसा लिहायचा? आणि दहावीनंतर फाईलचं काय होतं?

(टेबलावर पाटी आणि खडू.)

नमस्कार मंडळी. आज लॅपटॉप बाजूला ठेवलाय, पाटी घेतलीय. हसू नका. काही हुशार मुलांनाही लिहिणं-वाचणं का जमत नाही, हा आजचा विषय पाटीशिवाय मला सांगता येत नाही.

एक शब्द लिहिते. सूर्य.

आता तुम्ही तो मोठ्याने म्हणा. सू... र्... य. जिभेवर ‘र’ आधी आला, ‘य’ नंतर. बरोबर? आता माझा हात बघा. स काढला. खाली दीर्घ उकार. मग य काढला. आणि आता हात मागे आणून, वर नेऊन, य च्या डोक्यावर हा रफार. म्हणजे बोलताना जो मधे आला तो लिहिताना सगळ्यात शेवटी, आणि तोही दुसऱ्याच्या डोक्यावर बसून.

हाच र ‘प्रकाश’ मध्ये प च्या पोटात तिरकी रेघ होतो. ‘राष्ट्र’ मध्ये ट च्या खाली पाय फाकून बसतो. ‘वाऱ्यावर’ मध्ये अर्धी नळी होऊन लोंबकळतो. एकच पोरगा, चार वेश. ‘किती’ लिहा: पहिली वेलांटी क च्या आधी काढायची, म्हणायची मात्र क नंतर.

आपण हे सगळं दुसरी-तिसरीत पचवून मोकळे झालो, त्यामुळे यात काही अवघड आहे हेच आपल्याला आठवत नाही. काही मुलांना ते पचत नाही. डोळे ठीक, कान ठीक, डोकं तर कधीकधी आपल्यापेक्षा तल्लख. पण अक्षर आणि आवाज यांची गाठ बसत नाही.

मी बरीच वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम केलं. सहावीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. नाव सांगणार नाही. त्याच्या वहीच्या एकाच पानावर ‘सूर्य’ तीन प्रकारे होता: सुरय, सुय, र्सुय. वर्गशिक्षकांचा लाल शेरा: ‘लक्ष नाही’. मला उलट वाटलं. ज्यानं अभ्यास केलेला नसतो तो बहुतेक वेळा एकच चूक ठामपणे पुन्हा पुन्हा करतो. हा पोरगा प्रत्येक वेळी नव्याने झगडत होता. लक्ष नसतं तर पहिलं ‘सुरय’ तसंच पुढे गेलं असतं.

आकड्यांचंही तेच. सत्तावीस. कानावर आधी ‘सत्ता’ येतो, लिहायचा आधी २. एकोणसाठ तर विचारूच नका, ऐकायला साठ येतात आणि लिहायचे पाच-नऊ! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशी वाचायची पद्धत जोडली, तेव्हा काय गदारोळ झाला आठवतंय? व्हॉट्सॲपवर महिनाभर विनोद. डॉ. मंगला नारळीकर त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या शांतपणे सांगत होत्या की जुनी पद्धत काढलेली नाही, जोडीला नवी दिलीय. भाषेचं काय होणार यावर वाद घालायला माझी ना नाही. पण त्या गोंधळात माझ्या डोळ्यांसमोर माझ्याकडची चार मुलं होती, ज्यांना ‘वीस सात’ म्हटल्यावर पहिल्यांदा २७ बिनचूक लिहिता आलं होतं.

तर आजचा विषय, अध्ययन अक्षमता. वाचनाची असेल तर डिस्लेक्सिया, लिखाणाची डिसग्राफिया, आकड्यांची डिसकॅल्क्युलिया. विशेष गरजा म्हटलं की त्यात कमी दिसणारी, कमी ऐकणारी, स्वमग्न अशी कितीतरी मुलं येतात, त्यांच्यावर वेगळं बोलू. आज या मुलांवर, कारण यांचं बाहेरून काहीच दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याला आपल्याकडे ‘आळस’ म्हणतात.

कायद्याचं पटकन सांगते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात ही मुलं नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि अध्ययन अक्षमता आत आली. आपल्या राज्याला मात्र इथे शाबासकी द्यायला हवी. देशाच्या कायद्यात नाव यायच्या वीस वर्षं आधी, १९९६ पासून, महाराष्ट्रानं या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, एक भाषा सोडून त्याजागी कार्यानुभव, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित.

या शेवटच्या सवलतीवर जरा थांबते, कारण दर जूनमध्ये मला यावर रडवेले फोन येतात. सातवीचं गणित घेतलं की मूल दहावी पास होतं, पेढे वाटले जातात. मग पोरगं म्हणतं मला डिप्लोमा करायचाय, मशीनमध्ये डोकं चालतं माझं. आणि तिथे कळतं की ज्या दारातून जायचं होतं ते आपणच नववीत बंद करून आलो. सवलत वाईट नाही. ज्याला आकडेच लागत नाहीत त्याला ती जीवदान आहे. पण ज्याची अडचण फक्त वाचनाची आहे आणि तोंडी गणित फडाफड येतं, त्याला ‘कशाला रिस्क’ म्हणून सरसकट तीच सवलत चिकटवू नका. नववीत सवलतीचा फॉर्म भरायच्या आधी मुलाला विचारा, पुढे काय करायचंय. पंधरा वर्षांच्या पोराला आपलं काय ते बऱ्यापैकी ठाऊक असतं हो.

आणि एक वाक्य ऐकलंत तर सावध व्हा. ‘तुम्ही याचा सतरा नंबरचा फॉर्म का नाही भरत?’ म्हणजे शाळेतून काढा आणि बाहेरून बसवा. सतरा नंबर ज्यांच्यासाठी आहे, शाळा सुटलेली, कामाला लागलेली माणसं, त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लावायचाय म्हणून रोज शाळेत येणाऱ्या मुलाला तो सुचवणं, याला मी चांगला शब्द शोधला, सापडला नाही. मूल शाळेत शिकत असेल तर ते शाळेतूनच बसेल. तुम्हालाच दुसरा मार्ग हवा असेल तर एनआयओएस आहे, मुक्त विद्यालय. तिथे विषय निवडता येतात, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, एकेक विषय सुटत जातो. पण तो तुमचा निर्णय असू दे, मुख्याध्यापकांचा नको.

आता सवलतींसाठी लागणारा अध्ययन अक्षमतेचा दाखला. मुंबईत सायनच्या महापालिका रुग्णालयाचं एलडी क्लिनिक, म्हणजे अध्ययन अक्षमता तपासणारा विभाग, जुनं आणि नावाजलेलं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालय. खाजगी समुपदेशकाचा रिपोर्ट समजून घ्यायला चांगला, बोर्ड मात्र सरकारी दाखला मागतं. तपासणी एका दिवसात होत नाही, तारखा मिळतात, महिने जातात. म्हणून दहावीच्या डिसेंबरात धावू नका. दाखल्यात अक्षमतेचं प्रमाण चाळीस टक्के किंवा जास्त निघालं तर पुढच्या आरक्षणाची दारं उघडतात. चाळीसपेक्षा कमी निघालं तर काही पालक तिथेच कागद फाडतात. थांबा! लिहायला खरंच अडचण असेल तर चाळीसच्या खालीसुद्धा लेखनिक, म्हणजे मुलानं सांगितलेलं उत्तर लिहून देणारा, आणि जादा वेळ मिळू शकतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार या लेखनिक नाकारलेल्या उमेदवाराच्या प्रकरणात हेच सांगितलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं त्याची नियमावली काढली. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं.

आता लेखनिक. बोलीत ‘रायटर’. हा माझा आवडता भाग.

तो ‘सूर्य’वाला मुलगा दहावीत पोचला. लेखनिक म्हणून नववीतला एक चुणचुणीत पोरगा मिळाला. मिळाला म्हणजे त्याच्या आईला मी चार वेळा भेटले, कारण मार्चमध्ये नववीचा स्वतःचा अभ्यास असतो, कोण देतं आपलं पोर? घरी सरावाला बसवलं. विज्ञान भाग एक, दोन तासांचा पेपर. तासाला वीस मिनिटं या हिशेबानं चाळीस मिनिटं जादा. पहिलाच प्रश्न भिंगांचा. आमचा गडी सांगतोय, ‘बहिर्वक्र भिंगामुळे...’ आणि लेखनिकानं पेन थांबवलं. ‘दादा, रफार कुठल्या अक्षरावर?’

ज्याला रफार कळत नाही म्हणून लेखनिक दिला, त्यालाच लेखनिक रफार विचारतोय! दोघं इतके हसले की मला सराव थांबवावा लागला.

मग खरी अडचण निघाली. आकृती. किरणाकृती तोंडानं सांगायची कशी? ‘एक आडवी रेघ मार. मधे भिंग काढ, उभं. नाही, जाड मधे, टोकं बारीक. आता डावीकडे बाण उभा कर, दोन एफच्या पलीकडे.’ पहिल्या दिवशी एका आकृतीला चौदा मिनिटं लागली. तीन आठवड्यांनी चारवर आली. सांगून लिहून घेणं हे वेगळं कसब आहे, पोहण्यासारखं. नदीत ढकलायच्या दिवशी शिकवून चालत नाही. परीक्षेला पहिल्यांदा लेखनिकाचं तोंड बघणारी मुलं मी पाहिलीत. जादा वेळ हातात असून पेपर अर्धा कोरा.

वर्गातल्या शिक्षकांसाठी एवढंच, कारण तुमच्या मागे बासष्ट मुलं आणि शालाबाह्य कामं आहेत हे मला माहीत आहे. अशा मुलाला अचानक उभं करून धडा वाचायला लावू नका. वाचायचा असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी सांगा, घरून दहादा वाचून येईल. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नका, शेजारच्याच्या वहीचा फोटो चालतो. आणि घटक चाचणीत एखादा प्रश्न तोंडी विचारून बघा. अर्ध्या वेळा तुम्हीच चकित व्हाल.

हे सगळं झालं, मूल दहावी पास झालं. आणि आता ज्यासाठी मी खरं तर हा व्हिडिओ करतेय तिथे येते.

शाळेत दहा वर्षांत बाई ओळखीच्या झाल्या, शिपाईमामांनासुद्धा माहीत की याचा पेपर वेगळ्या खोलीत. अकरावीत काय होतं? एका तुकडीत शंभरावर मुलं. सर नोट्स सांगतात, लिहून घ्या, धडाधड. कुणालाच काही माहीत नाही. दाखल्याची आणि सवलतींची फाईल शाळेच्या कपाटात राहिली. त्यात मूल म्हणतं, ‘आई, इथे नको सांगूस. नवीन कॉलेज आहे.’ आणि आईलाही वाटतं, झालं की आता, सुटलो. प्रवेशाच्या फॉर्मवर दिव्यांगच्या रकान्यात ‘नाही’ भरलेलं असतं. सहामाहीत पोरगं तीन विषयांत आडवं. अक्षमता दहावीच्या निकालाबरोबर बरी होत नाही हो!

मुलाला लाज वाटते, ती खरी आहे, तिला हसू नका. पण सगळ्या वर्गाला कळायची गरज नसते. प्राचार्य, परीक्षा विभाग आणि एक विश्वासातले सर, तिघांना कळलं की पुरे.

दाखल्याच्या मुदतीकडेही बघा. २०१८ च्या केंद्रीय नियमावलीत आठ, चौदा आणि अठरा वर्षं असे टप्पे घातले होते. अठरावं बरोबर बारावी-पदवीच्या धामधुमीत येतं. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या केंद्रीय ओळखपत्रावर, तारीख छापलेली असते, ती आज रात्री काढून बघा. पदवीला सरकारी आणि अनुदानित संस्थांत पाच टक्के जागा राखीव आहेत, वयात पाच वर्षांची सूट आहे. पण ते चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर, आणि जिवंत दाखल्यावर.

कॉलेजला माहीत असेलच, असं धरून चालू नका. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत २०२१ ला डिसग्राफिया असलेल्या एका मुलीला जादा तास नाकारून पेपर काढून घेतला गेला. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिच्यावर अन्याय झाला हे न्यायालयानं नोव्हेंबरमध्ये मान्य केलं, पण परीक्षा पुन्हा नाही घेतली. केंद्रावरच्या माणसांना नियमच नीट ठाऊक नव्हते. एवढी साधी गोष्ट. हक्क होता, कागद होता, आणि पर्यवेक्षकाच्या हातात तो नियम नव्हता.

म्हणून एक पत्र लिहायचं. कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात. मी वाचून दाखवते, व्हिडिओ थांबवून उतरवून घ्या.

‘मा. प्राचार्य यांस, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा आपल्या महाविद्यालयात अकरावी वाणिज्य, तुकडी ब मध्ये शिकत आहे. त्यास अध्ययन अक्षमता असून सरकारी रुग्णालयाचा दाखला व यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. शाळेत त्यास लेखनिक व तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळत होता. घटक चाचणीपासूनच या सवलती मिळाव्यात, वर्गातील नोट्सची छायांकित प्रत मिळावी, तसेच परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकांना याची लेखी सूचना असावी, ही विनंती. आपल्या समान संधी कक्षाचे समन्वयक कोण आहेत, हेही कृपया कळवावे.’

खाली पालकाची सही, आणि मुलाचीही. त्याला वाचायला वेळ द्या, मग सही घ्या.

दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्यायची. दुसरीवर पोच घ्यायची: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. खिडकीतले काका म्हणतील, ‘ठेवून जा, मी देतो साहेबांना.’ तुम्ही हसून म्हणायचं, ‘काका, शिक्का तेवढा मारा, मी थांबते.’