अडलेल्या माणसाचा हिशेब

मंडळी, ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ ही म्हण आपण येता-जाता वापरतो. ऐकणारा हसतो, कारण त्याचं लक्ष गाढवाकडे जातं. आज मला हरीकडे बघायचं आहे. तो कशामुळे अडला? पाय धरण्याआधी त्यानं काय काय करून पाहिलं? पाय धरले तरी कोणती गोष्ट मात्र सोडली नाही?

अगतिक माणसाचं डोकं चालत नाही, असा समज कथा-कादंबऱ्यांनी पक्का केला आहे. इतिहासाची कागदपत्रं वेगळं सांगतात. अडलेला माणूस फार बारीक हिशेब करतो. फक्त त्या हिशेबाची मुदत आखूड झालेली असते. सुखवस्तू माणूस मुलाच्या शिक्षणाचा, पुढच्या दहा वर्षांचा विचार करतो, आणि अडलेला उद्याच्या संध्याकाळपर्यंतचा. बाहेरून पाहणाऱ्याला म्हणूनच तो वेडेपणा वाटतो.

छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. कुरुदेशातलं पीक बुडालेलं, हा विद्वान बायकोला घेऊन माहुतांच्या वस्तीत येऊन राहिलेला. एक माहूत कुल्माष खात बसला होता. कुल्माष म्हणजे हलक्या प्रतीचे उडीद, असं भाष्यकार सांगतात. उषस्तीनं ते मागितले. माहूत म्हणाला, माझ्यापुढे हे उष्टेच आहेत, दुसरे नाहीत. उषस्ती म्हणाला, तेच दे. खाऊन झाल्यावर माहुतानं पाणी पुढे केलं, तर तो म्हणाला, नको, ते उष्टं होईल. माहुतानं साहजिकच विचारलं की उडीद उष्टे नव्हते का? उत्तर असं : ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला हवं तिथे मिळतं.

नियम कुठवर मोडायचा हे त्यानं भुकेच्या ऐन कडेवर उभं राहून ठरवलं. जेवढा मोडल्याशिवाय जीव वाचत नाही तेवढाच मोडला. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्म नावाचं उपपर्वच आहे. तिथला विश्वामित्र बारा वर्षांच्या अवर्षणात चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरायला जातो, आणि तो चांडाळच त्याला धर्म सांगून परावृत्त करू पाहतो. दोघांचा वाद लांबलचक आहे, आणि चोर व घरमालक या दोघांनाही बोलायला पुरती जागा दिली आहे. आपल्याकडे हा विषय इतक्या जुन्या काळापासून इतक्या गंभीरपणे हाताळला गेला आहे.

आता दुष्काळाकडे या. शेतकरी कुटुंब दुष्काळात काय करतं, याचा एक क्रम आहे. आधी ताटातलं कमी होतं. दोन वेळचं एक वेळ होतं, भाकरीच्या जागी रानातला पाला आणि कंद येतात. मग भांडी जातात, शेळ्या जातात, अंगावरचा दागिना जातो. बैल आणि बियाणं शेवटी. घरात बियाण्याची ज्वारी असते आणि पोरं उपाशी झोपतात. शहरी माणसाला हे क्रूर वाटतं. पण बैल एप्रिलमध्ये विकले तर जूनमध्ये मृग बरसेल तेव्हा औताला काय जुंपणार? आजची भूक भागवायला पुढचं अख्खं वर्ष मोडायचं का, हा तो प्रश्न आहे. आफ्रिकेत दारफूरमध्ये १९८४-८५ च्या दुष्काळात ॲलेक्स द वाल या अभ्यासकाला हेच दिसलं : लोकांनी गुरं आणि बी राखण्यासाठी जाणूनबुजून भूक सोसली. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात तर वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलोव्हच्या बियाणे-संग्रहातले शास्त्रज्ञ उपासमारीनं मेले. तांदळाच्या वाणांचा सांभाळ करणारा दिमित्री इवानोव्ह मेला तेव्हा आजूबाजूला तांदळाच्या हजारो पुड्या शाबूत होत्या.

हा क्रम कुठे फसतो, तेही बघा. सगळे एकाच आठवड्यात बैल विकायला काढतात, म्हणून बैलाची किंमत कोसळते. त्याच आठवड्यात ज्वारी महागते. गेल्या वर्षी एका बैलात जेवढी पोती आली असती, त्याच्या पाव हिश्शावर सौदा होऊ शकतो. शेवटपर्यंत जपलेली चीज नेमकी नको त्या वेळी बाजारात येते. मदत या पायरीच्या आधी पोचली तर घर उभं राहतं, नंतर पोचली तर फक्त माणसं जगतात. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं उघडली, दुष्काळी कामं काढली, तगाई म्हणजे शेतीसाठीचं सरकारी कर्ज दिलं. तगाईचं महत्त्व इथे कळतं. तिच्यानं बैल गोठ्यात राहतो.

कर्जाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. १८७५ चे दख्खनचे दंगे आपण शाळेत दोन ओळींत शिकतो. त्यामागचं गणित पाटीवर मांडून बघा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं ठरवलं की कर्जखतावर तीन वर्षांच्या आतच दावा लावता येईल. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. घडलं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार कुळाला बोलावून नवं खत लिहून घ्यायचा, आणि जुनी मुद्दल अधिक थकलेलं व्याज ही नव्या खताची मुद्दल व्हायची. दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज धरा. शंभराचं खत तीन वर्षांत १७२ होतं. त्यावर पुन्हा तीन वर्षं, म्हणजे सुमारे २९६. मग ५०९. बारा वर्षं झाली की ८७५. सरळ व्याजानं तेच कर्ज ३८८ झालं असतं. मधला सगळा फरक फक्त कागद बदलल्याचा. आणि प्रत्येक कागदावर अंगठा कुळाचाच.

१८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस येईना म्हणून इथल्या कापसाला भाव आला आणि सावकारानं हात सैल सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव उतरला, उधार बंद झालं. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. आता सारा भरायलाही कर्ज मिळेना. लोकांनी लगेच काकडे पेटवले नाहीत. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकारावर बहिष्कार पडला : न्हाव्यानं हजामत करायची नाही, कुणी पाणी भरायचं नाही, शेत कसायचं नाही. ही आधीची पायरी. पुढची पायरी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. जमावानं सावकारांकडे वह्या आणि कर्जखतं मागितली आणि जाळली. दुकानं लुटली गेली, काही घरांना आगही लागली. पण माणसांवर हात टाकल्याचे प्रकार फार थोडे. कागद मुकाट्यानं काढून दिला तिथे बहुधा तेवढ्यावर भागलं.

अडाणी म्हणवल्या गेलेल्या या माणसांनी रोगाची गाठ बरोबर ओळखली होती. गाठ खतात होती. चार वर्षांनी सरकारनं १८७९ चा कायदा केला, त्यानं न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती, हे तपासायचा अधिकार दिला. सुप्याच्या होळीत जे जळलं, त्याच कागदाचा आंधळा मान कायद्यानं कमी केला.

आता लढाईतली अगतिकता. इथून, कोल्हापुरातून, पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे वेढ्याची हकीकत तुम्हाला सांगायला नको. पण तिच्यातला काळ मोजून बघा. १६६० च्या मार्चमध्ये शिवाजी महाराज गडावर असताना आदिलशहाचा सरदार सिद्दी जौहरनं वेढा घातला. नेताजी पालकरांचा बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न फसला. जुलै उजाडला. बाहेर पडण्याची रात्र १२ जुलैची. त्याआधी शरणागतीची बोलणी लावली गेली, आणि ती खरी वाटली, कारण चार महिने कोंडलेला माणूस शरण येणारच असं शत्रूचंही गणित होतं. आपली अगतिकता शत्रूला दिसते आहे, याचाच उपयोग केला गेला. मग राजदिंडीची वाट, पावसाळी रात्र, बरोबर सुमारे सहाशे माणसं, दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद. घोडखिंडीत बाजीप्रभू मागे राहिले. पुढे विशाळगडाच्या पायथ्यालाही सुर्वे-दळव्यांचा वेढा होताच, तो तोडूनच वर जायचं होतं. शिवा काशीदांना पालखीत बसताना शेवट ठाऊक होता. त्यांच्यापुढे न बसण्याचा पर्याय होता, म्हणून त्यांचं बसणं मोठं. आणि गड वाचवायचा हट्ट नव्हता. त्याच वर्षी पन्हाळा आदिलशहाला देऊन टाकला. काय सोडायचं हे नक्की असलं की काय धरायचं ते हातात राहतं.

पानिपत याच्या शेजारी ठेवून वाचावं. १ नोव्हेंबर १७६० च्या सुमारास दोन्ही सैन्यं समोरासमोर आली. लढाई झाली १४ जानेवारीला. मधल्या अडीच महिन्यांत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायका-मुलं, बाजारबुणगे खाणारे होतेच. डिसेंबरात रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. त्या दिवसापासून थांबण्याचा प्रत्येक दिवस घोड्याच्या आणि माणसाच्या अंगातून वजा होत होता. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं लोक सेनापती सदाशिवरावभाऊंपुढे येऊन म्हणाले तोवर घोड्यांत दम उरला नव्हता. निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. तो निर्णय घ्यायची वेळ महिनाभर आधी येऊन गेली होती.

आपल्याच मुलखातलं आणखी एक उदाहरण फारसं बोललं जात नाही. १८४४ साली कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ले राखणाऱ्या शिबंदीच्या, पिढीजात जमिनी मामलेदारांच्या अखत्यारीत गेल्या. सामानगडाचे दरवाजे बंद झाले, उठाव भुदरगड-पन्हाळ्यापर्यंत पोचला, साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज प्रतिनिधी, कर्नल ओव्हान्स पन्हाळ्यावर कैदेत पडला. गडकऱ्यांचा हिशेब जुना होता : दरवाजा लावला की मुक्काम पक्का. इंग्रजी तोफांपुढे तो चालला नाही. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरच्या पहिल्या तारखेला पन्हाळा. ज्यांच्याकडे एकच हत्यार असतं ते त्याची धार गेली तरी तेच उचलतात.

इथे लिहिणारी मुलं-मुली बसली आहेत, म्हणून ललित लेखनाबद्दल. आपल्या कथांतली अगतिकता बरेचदा शेवटच्या पायरीवर सुरू होते. पहिल्याच पानावर दोर, विहीर किंवा विळा. वाचक हळहळतो, पण त्याला पात्र कळत नाही, कारण ते काय काय सोडून इथवर आलं हे त्यानं पाहिलेलं नसतं. पायऱ्या दाखवा, निदान तीन. कणगीत किती दिवसांची ज्वारी उरली ते आकड्यात लिहा. ‘घरात खायला काही नव्हतं’ या वाक्यापेक्षा ‘दोन शेर होती, माणसं सहा’ हे वाक्य जास्त काम करतं. ‘ले मिझराब्ल’ कादंबरीत ह्यूगोनं जाँ वालजाँला पाव चोरायला लावताना बहिणीची सात मुलं मोजून मागे उभी केली आहेत, ती उगीच नाही. मुदत द्या : वसुलीची तारीख, मृगाचा दिवस, पाहुणे यायची वेळ. आणि दुसरा एक पर्याय खरोखर शिल्लक ठेवा, तोही वाईटच असू दे. एकच वाट उरलेल्या माणसाची गोष्ट सांगता येते, पण त्यानं निवड केली असं म्हणता येत नाही.

सर्वांत जास्त राहून जातं ते दुसऱ्या दिवसाचं. चोरी झाली, खत जळलं, बैल विकला. मग सकाळी तोच माणूस तोंड धुऊन कुठे जातो? उपनिषदकारानं ते टाळलेलं नाही. उषस्तीनं माहुताचे सगळे उडीद खाल्ले नव्हते. उरलेले बायकोसाठी घेऊन गेला. तिचं नाव आटिकी. तिला आधीच भिक्षा मिळाली होती, तिचं पोट भरलेलं होतं. तिनं ते उष्टे उडीद फेकले नाहीत, झाकून ठेवले. सकाळी उठल्यावर उषस्ती म्हणाला, थोडं अन्न मिळालं असतं तर काही कमावता आलं असतं; राजा यज्ञ करतो आहे, त्यानं मला ऋत्विज, म्हणजे यज्ञाचा पुरोहित, नेमलं असतं. आटिकीनं ते शिळे उडीद काढून त्याच्या पुढे ठेवले. ते खाऊन तो यज्ञमंडपाकडे चालू लागला.