लिंबाचा रस आणि न केलेली परीक्षा

मित्रहो,

आधी शास्त्र शिका, मग हात घाला, असं आपल्याला सांगितलं जातं. मला हा क्रम पटत नाही. न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२ मध्ये खाणीतलं पाणी उपसू लागलं. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल, हा प्रश्न सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं मांडला १८२४ मध्ये, आणि तोही चालती इंजिनं डोळ्यांसमोर होती म्हणूनच. सायकलीचंही तसंच. कुठल्या बाजूला तोल जातोय तिकडेच हँडल वळवायचं, हे मुलाचे हात शिकतात. त्यामागचं गणित भल्याभल्यांना आजही सहज मांडता येत नाही.

पण कृती श्रेष्ठ म्हणून थांबलो, तर गोष्ट अर्धीच राहील. म्हणून आज स्कर्व्ही या रोगाबद्दल जरा सविस्तर बोलतो.

लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या वैद्यानं १२ रुग्ण निवडले. सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, जेवणही सारखंच दिलं. मग दोघादोघांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला: कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, एका जोडीला संत्री आणि लिंबं. फळं सहा दिवसांत संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर परतण्याइतका बरा झाला होता. इतकी स्वच्छ तुलना त्या काळात क्वचितच कुणी केली असेल. मला लिंडबद्दल फार आदर वाटतो.

आणि इथेच मन खट्टू होतं. दमट हवेनं घाम अडतो आणि म्हणून हा रोग होतो, अशी लिंडची उपपत्ती होती. लिंबात नेमकं काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, ठाऊक असणं शक्यही नव्हतं. फळं टिकत नाहीत म्हणून त्यानं रस तापवून, आटवून साठवायची शिफारस केली. उष्णतेनं त्यातलं औषधच बरंचसं नष्ट होत होतं. आटवलेला रस घेऊन तशीच जोड्यांची तुलना त्यानं पुन्हा केली असती, तर हे लगेच उघड झालं असतं. ती त्यानं केली नाही.

ब्रिटिश नौदलानं १७९५ पासून लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली आणि रोग हटला. पुढे १८६० च्या दशकात भूमध्य समुद्राकाठच्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजची लहान हिरवी लिंबं आली. दोन्ही आंबटच, मग फरक काय पडणार? फरक मोठा होता, हिरव्या लिंबांत ते औषध बरंच कमी होतं; पण आगबोटींमुळे सफरी आखूड झाल्या होत्या, त्यामुळे तो कळलाच नाही. १८७५ च्या ब्रिटिश उत्तर ध्रुव मोहिमेत, जहाजांवर रस असूनही, स्कर्व्ही परतला. काही डॉक्टरांचा लिंबावरचाच विश्वास उडाला आणि खराब मांसाला दोष दिला जाऊ लागला.

या सगळ्यात कृतीची कमतरता कुठेच नव्हती. रोज रस पाजला जात होता. पण बदललेल्या वस्तूची परीक्षा कुणी घेतली नाही. रोजच्या सवयीला आपण अनुभव म्हणतो, याची मला खरी काळजी वाटते.

कोडं सुटायला लागलं १९०७ मध्ये. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे संशोधक बेरीबेरी या दुसऱ्याच रोगाचा शोध घेत होते. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगना झाला मात्र स्कर्व्ही. उंदीर घेतले असते तर काहीच दिसलं नसतं, कारण ज्याच्या अभावानं स्कर्व्ही होतो ते क जीवनसत्त्व उंदराचं शरीर स्वतःच बनवतं. आता हवा तो पदार्थ खाऊ घालून पाहायची सोय झाली. त्याच वाटेनं १९३० च्या दशकात ते जीवनसत्त्व हाती आलं, त्याची रचना कळली, आणि कुठल्या लिंबात ते किती आहे हे अखेर मोजता येऊ लागलं.