दोन भाकऱ्या म्हणजे किती?

मुलींनो, आणि मागच्या रांगेत अंग चोरून बसलेल्या तीन मुलांनो, पत्रिकेत माझा विषय 'रजिस्टर्ड डाएटिशियन (नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) कसं व्हावं' असा छापलाय. सांगते. आधी भाकरीचं बोलू.

मी इंटर्न होते. शिंदखेड्याकडचे एक बाबा आले, डायबेटिसचे. चोवीस तासांचा आहार विचारायचा असतो, म्हणून विचारलं, काल काय खाल्लं? म्हणाले, "काहीच नही." हे 'काहीच नही' तुमच्याही घरात आहे. त्यात तीन कप चहा, मूठभर शेंगदाणे आणि रात्रीची उरलेली खिचडी धरत नाहीत. (हसू नका, तुमचे वडीलही हेच सांगतात.)

मी ऐटीत तक्ता करून दिला: दोन्ही वेळा दोन-दोन भाकऱ्या. पुस्तकात एका भाकरीला 30 ग्रॅम पीठ होतं. बाबा खूश. बायकोला म्हणाले, "बाई चांगली शे." पंधरा दिवसांनी साखर वाढली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुन्हा साखर वाढलेलीच. मी बाबांना चांगलं झापलं. ते बिचारे खाली मान घालून ऐकत होते. शेवटी त्यांच्या बायकोनं, मावशींनीच फडकं सोडलं आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी माझ्या टेबलावर, केसपेपरवरच ठेवली. परातीएवढी! पीठ किती घेता, विचारलं, तर त्यांनी ओंजळ करून दाखवली. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात नेऊन त्यांच्याच ओंजळीनं पीठ घ्यायला लावलं आणि काट्यावर तोललं. 115 ग्रॅम. चार भाकऱ्यांचं 460. म्हणजे पंधराशेच्या वर किलोकॅलरी, आणि अख्ख्या दिवसाला मी आखल्या होत्या 1500! भाजी, शेव, तेल वेगळंच. बाबांनी माझा तक्ता तंतोतंत पाळला होता. झापायला हवं होतं मला.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंटर्नशिपचा पहिला महिना वॉर्डात न जाता घरोघरच्या चुलीपाशी, तराजू घेऊन काढावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली 528 खाद्यपदार्थांचे तक्ते काढले. सोन्यासारखं काम! त्यात ज्वारी सापडेल, उडीद सापडेल. पण ज्वारीत सालीसकट उडीद किती घातला, हे गिरणीवर दळण टाकणाऱ्या बाईलाच ठाऊक. मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्या उडदाची प्रथिनंही मोजावी लागतात. आणि आपल्या खानदेशात केळी! शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला तेही जपूनच द्यावं लागतं. रावेरकडच्या एका डायलिसिसवाल्या शेतकऱ्याला मी 'केळी बंद' म्हटलं, तर तो घाबरून म्हणाला, "ताई, बाग उपटू का?" भरिताचं तर विचारूच नका, बामणोदचं वांगं निर्दोष असतं, घात करतं वरचं तेल...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर, आधी पोषणशास्त्राशी संबंधित बीएस्सी. मग अन्न व पोषण किंवा आहारशास्त्रात एमएस्सी. काही जणी पदव्युत्तर डिप्लोमाच्या वाटेनं येतात. त्यानंतर रुग्णालयातली इंटर्नशिप, साधारण सहा महिने, आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा. ही संस्था 1963 ची. नोंदणी एकदा मिळाली की झालं असं नाही, शिकत राहून नूतनीकरण करावं लागतं. पात्रतेचे बारकावे बदलतात, अर्जाच्या वर्षीचा नियम स्वतः वाचा, मैत्रिणीच्या ताईवर विसंबू नका. 2021 च्या कायद्यानं आहारतज्ज्ञ हा आरोग्य व्यवसायांच्या यादीत आला, म्हणून नोंदणीला आता जास्त वजन येईल असं मला वाटतं. अमेरिकेत जायचंय त्यांनी ऐका: 1 जानेवारी 2024 पासून तिथल्या परीक्षेला पदव्युत्तर पदवी सक्तीची आहे, शिवाय किमान हजार तास देखरेखीखालचं काम.

दुसरी चिठ्ठी. थांबते. तराजू मी पिशवीतून आणलाय. डब्यात भाकरी असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पुढे यावं. आणि घरी फोन करून विचारून ठेवा, आई पीठ किती ओंजळी घेते.